उजवा डोळा आणि दिवाळीचं न्हाणं

माझा स्वभाव तापट आहे, हे झाशीत पुष्कळांना ठाऊक आहे. टहरौलीच्या बसच्या कंडक्टरला ठाऊक आहे, आमच्या दूधवाल्याला ठाऊक आहे, आणि मी ज्यांना विज्ञान शिकवते त्या मुलींना तर फारच चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे माझ्या आजारपणाची सुरुवात एका भांडणानं झाली याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे दिवस होते. खंडेराव गेटच्या आसपास आता मराठी घरं मोजकीच उरली आहेत, पण प्रत्येक घराचा वार ठरलेला असतो आणि आमचा शुक्रवार. आदल्या दिवशी मी टहरौलीहून परतत होते. तिथल्या मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, माझी नोकरी, त्यामुळे रोजचं अप-डाउन. जायला दोन तास, यायला दोन तास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाची मळणी चालली होती, बसच्या निम्म्या खिडक्यांना काचा नव्हत्या, आणि भुसा उडून माझ्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा चुरचुरायला लागला, पाणी थांबेना. मी तो ओढणीनं दाबून धरला आणि तशीच बाजारात गेले, कारण घरातलं कुंकू संपलं होतं.

इथे रोली मिळते, सिंदूर मिळतो. आपल्याकडचं गडद, बारीक कुंकू एकच दुकानदार ठेवतो, तेही आम्हा दहा-पंधरा घरांसाठी. त्यानं पुडी उघडून समोर धरली. मी पाहिलं तर विटेचा चुरा असावा तसा रंग.

"भैया, इसमें क्या मिलाया है?"

"बहन जी, वही माल है जो आप हर साल ले जाती हैं."

मी म्हटलं, दुसरं दाखवा. त्यानं दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. तिन्ही तसलीच, मळकट, जीव नसलेली. मग मी त्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी विज्ञान शिकवते, मला रंग शिकवू नका, असंही म्हणाले. दुकानात दोन बायका होत्या, त्या निमूट बाहेर निघून गेल्या. शेवटी पुरावा म्हणून मी एक पुडी विकत घेतली आणि तणतणत घरी आले.

सासूबाई ओट्यापाशी आंब्याच्या डाळीसाठी कैरी किसत होत्या. मी पुडी त्यांच्यासमोर आपटली आणि डोळा धुवायला गेले. परत आले तर त्या पुडी उघडून पाहत होत्या.

"काय झालंय याला? चांगलं लालभडक आहे की."

मी पाहिलं. खरंच लालभडक होतं. मग कशानं कोण जाणे, मी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. वीट. उजव्यावर ठेवला. कुंकू. पुन्हा डाव्यावर. वीट. मी पाच-सात वेळा तेच केलं. माझी मुलगी दारात उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "मम्मी, ये क्या खेल है?" ती म्हणाली, आणि मला रागावायचंही सुचलं नाही.

गेले चार दिवस उजवा डोळा फिरवला की आत खोलवर दुखत होतं. परीक्षेच्या उत्तरांच्या कॉप्या तपासून दुखतोय, असं मी धरून चालले होते. डोळ्याची आकृती मी फळ्यावर न बघता काढू शकते. बुबुळ, भिंग, पडदा, मागची नस, सगळी नावं पाठ. पण त्या नसेला स्वतःचं काही होऊ शकतं हे मी कधी शिकवलं नव्हतं, कारण ते पुस्तकात नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानदाराची माफी मागायला गेले. माफी मागण्याची मला सवय नाही, त्यामुळे ते फार वाईट जमलं. तो म्हणाला, "बहन जी, माफ़ी छोड़िए, आँख दिखा लीजिए." तो माणूस भला आहे. त्या दिवशी त्यानं मला हाकललं असतं तरी चुकलं नसतं.

इलाइट चौराह्याजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत समोरच्या माणसाचा चेहराच पुसल्यासारखा दिसायला लागला होता. कान दिसत, केस दिसत, मधे राखाडी डाग. डॉक्टरांनी बत्ती मारून आत पाहिलं आणि म्हणाले, आतून सगळं ठीक दिसतंय. मला वाटलं, आता हेही मला खोटी ठरवणार, आणि मी भांडायच्या तयारीत बसले. पण त्यांनी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण उचललं. एका डोळ्यापुढे धरलं, मग दुसऱ्यापुढे.

"इस आँख से अगर सोलह आने लाल है, तो उस आँख से कितने आने?"

"छह," मी म्हटलं.

त्यांनी झाकण खाली ठेवलं आणि ग्वाल्हेरच्या नसांच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहायला घेतली.

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. एमआरआयच्या नळीतली ठकठक. फिल्मवरचे पांढरे ठिपके. आणि ग्वाल्हेरचे डॉक्टर, हळू बोलणारे, सांगताहेत की याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. नसांवर एक आवरण असतं, वायरवर असतं तसं, आणि शरीराचं स्वतःचंच रक्षण करणारं दल त्या आवरणालाच शत्रू समजून कुरतडतं. पुष्कळांच्या बाबतीत पहिला घाला डोळ्याच्या नसेवर होतो. नवरा रेल्वेच्या कारखान्यात विजेचं काम बघतो, त्यामुळे वायरचं त्याला लगेच समजलं. मला काहीच समजलं नाही. मी एवढंच विचारलं, "अंधी हो जाऊँगी?" ते म्हणाले, तसं वाटत नाही, बहुतेकांची नजर बरीचशी परत येते. मग सलाइनमधून औषध दिलं, तोंडाला कडवट चव आली, रात्र-रात्र झोप नाही, आणि आठवड्याभरानंतर सहाचे आठ आणे झाले.

निघताना डॉक्टरांनी एक पानभर सूचना लिहून दिल्या आणि वाचूनही दाखवल्या. त्यातलं एक वाक्य मी ऐकलं: "यह दोबारा हो सकता है." त्यानंतर ते बराच वेळ बोलत होते. मी मान डोलावत होते. ऐकत नव्हते. घरी आल्यावर फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर टाकली, आणि ते पान मी पुन्हा उघडून पाहिलं नाही. मुलींना मी दरवर्षी सांगते, प्रश्न शेवटपर्यंत वाचा आणि मग उत्तराला हात घाला.

मे-जून मी कूलरच्या खोलीत काढले. डोळा सावकाश सुधारत गेला. दहा आणे, बारा आणे, जुलैत कॉलेज सुरू झालं तेव्हा चौदा. घरी सगळे खूश. सासूबाईंनी गणपतीला नारळ फोडला. पण मला ती खुशी पचत नव्हती, कारण ते वाक्य डोक्यात बसलं होतं. मी नवऱ्याला सांगून टाकलं: पुन्हा एकदा जरी असं झालं, तर मी नोकरी सोडणार. प्रयोगशाळेत आम्ल असतं, स्पिरिटचे दिवे असतात, चाळीस मुली असतात. निम्म्या नजरेनं ते काम करायचं नसतं.

ती नोकरी मला किती उशिरा लागली होती, हे त्याला माहीत होतं. लग्नानंतर परीक्षा दिल्या, मुलगी झाल्यावर दिल्या, दोनदा यादीत नाव येऊन भरती रद्द झाली. टहरौली लांब म्हणून लोक नाकं मुरडतात, पण मला त्या धुळीच्या रस्त्यावरून जाताना रोज आनंद व्हायचा. नोकरी सोडायच्या नुसत्या विचारानं मला रडू यायचं. नवरा म्हणाला, "बघू की." तो प्रत्येक गोष्टीला बघू की म्हणतो, आणि त्या वेळी तर मला त्याचा फारच राग आला.

मग रोज सकाळी उठल्याबरोबर माझी परीक्षा सुरू झाली. डावा डोळा झाकायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचायची. वाचता आली की दिवस सुरू. ती वाचून होईपर्यंत घरात कुणी माझ्याशी बोलायचं नाही, हा नियम कुणी केला नव्हता, पण सगळे पाळत होते. अधूनमधून स्वयंपाक करताना उजवीकडे धूसर व्हायचं. कुकरच्या वाफेनं चष्मा धुरकटला असेल, असं मी स्वतःला सांगायची आणि चष्मा पुसायची. चष्मा पुसून धूसरपणा जात नव्हता, ही गोष्ट मी लक्षातच घेतली नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, पण झालं खरं.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांच्या माणसांना झाशीत येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. मी रेल्वे कॉलनीतली. वडील भुसावळकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. त्यामुळे सासूबाईंच्या लेखी मी अजूनही थोडी पाहुणीच. त्यांच्या मराठीत जुने शब्द असतात. बाथरूमला त्या न्हाणी म्हणतात, आणि त्या न्हाणीत त्यांचा तांब्याचा बंब आहे. वर गीझर आहे, पण गीझरच्या पाण्याला त्या पाणी मानत नाहीत. थंडी सुरू झाली की लाकडं घालून बंब पेटवायचा आणि कढत पाण्यानं न्हायचं, हे त्यांचं सुख. आणि दिवाळीच्या पहिल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला त्या स्वतः न्हाऊ घालतात. मुलगा पन्नाशीला आला तरी पाटावर बसवून तेल चोळतात. कारीट इथे मिळत नाही, म्हणून पायाखाली फोडायला शेतातली कचरी, एक छोटं रानफळ, आणतात. त्या दिवशी त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

त्या वर्षी त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. "हिचं न्हाणं मी यंदा नीट करणार. सगळं दुखणं वाहून गेलं पाहिजे."

उजाडायच्या आत मला पाटावर बसवलं. तेल जिरवलं, उटणं लावलं. बंबातलं पाणी इतकं कढत होतं की पहिल्या तांब्याला मी अंग चोरलं. "अंमळ सोस," त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक तांब्याबरोबर काहीतरी पुटपुटत राहिल्या. एरवी पाच तांबे असतात. माझ्यासाठी आठ झाले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडत होतं. कुणी आपल्यासाठी इतक्या मनापासून काही करावं, हे वयाच्या या टप्प्यावर कमीच वाट्याला येतं. मी डोळे मिटून बसले होते.

नवी साडी नेसून अंगणात आले. मुलीनं रांगोळीभोवती पणत्या लावल्या होत्या. सवयीनं मी डावा डोळा झाकला, आणि पणत्या नव्हत्या. राखाडी गोधडी डोळ्यावर टाकावी तसं झालं होतं. मधला तो डाग, एप्रिलमधला, पुन्हा तिथेच आणि तेवढाच.

मी तिथेच पायरीवर बसले. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या, काय झालं म्हणून खाली वाकल्या. आणि मी त्यांना म्हणाले, "तुमच्या त्या कढत पाण्यानं माझा डोळा गेला."

बोलायचं म्हणून बोलले. घाबरले की मला राग येतो आणि राग आला की जो समोर असेल त्याच्यावर निघतो. नवऱ्यानं मला हाताला धरून आत नेलं. दिवाळीचा दिवस, ग्वाल्हेरला फोन लावला तर डॉक्टर तीन आठवड्यांसाठी बाहेरगावी गेलेले. त्यांच्या मदतनिसानं सांगितलं, नवा एमआरआय करून घ्या आणि ते परतले की पहिल्याच दिवशी या. आणि नजर दिवसभरात परत आली नाही, तर थांबू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवा.

पण तासाभरात ती परतच आली. मी पंख्याखाली ओला रुमाल कपाळावर ठेवून पडले होते आणि छताच्या कडेची पाल हळूहळू पाल दिसायला लागली. एखाद्याला याचा आनंद झाला असता. मला झाला नाही. मला वाटलं, ही नुसती चुणूक आहे, खरं पुढे आहे. त्याच दुपारी मी कॉलेजच्या नावानं राजीनाम्याचा कागद लिहिला, सही केली, तारीख तेवढी मोकळी ठेवली आणि पर्समध्ये टाकला. कढत पाण्याचं जे बोलले होते ते मागे घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त माझा डोळा होता.

त्यानंतर सासूबाई गप्प झाल्या. स्वयंपाक करायच्या, ताट वाढायच्या, पण माझ्याशी मोजकंच बोलायच्या. मी मनात म्हटलं, रुसल्यात, रुसू देत. आणि एक नवंच सुरू झालं. त्या पहाटे उठून नळाच्या गार पाण्यानं आंघोळ करायला लागल्या. बंब पेटेना. आमच्या गल्लीतल्या बुंदेली बायका कार्तिकभर पहाटे थंड पाण्यानं न्हातात, देवाला जातात, गाणी म्हणतात. सासूबाईंनी ते व्रत कधी केलं नव्हतं, पण म्हातारपणी शेजारणींचं पाहून धरलं असेल, असं आम्ही समजलो. मुलगी म्हणाली, "दादी कातिक नहा रही हैं." शेजारणीलाही तसंच वाटलं, तिनं त्यांना बोलवायलाही सुरुवात केली. त्या जात नसत.

कार्तिकी पौर्णिमा झाली. बायकांचं व्रत संपलं. सासूबाईंचं संपलं नाही. थंडी चांगलीच पडायला लागली होती, त्यांना खोकला झाला, तरी सकाळी न्हाणीतून गार पाण्याचा आवाज येई आणि बंब कोरडा. नवरा एकदा लाकडं घेऊन गेला तर म्हणाल्या, "राहू दे. मला नको."

ग्वाल्हेरला जायचा दिवस आला तेव्हा त्या आधीच तयार होऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही कशाला, दगदग होईल. "मला यायचं आहे," एवढंच म्हणाल्या. गाडीत दीड तास त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. आज डॉक्टर म्हणाले की दुसरा घाला आहे, की तारीख भरायची आणि उद्या कागद देऊन टाकायचा, एवढं ठरलं होतं.

डॉक्टरांनी नव्या फिल्म बत्तीवर लावल्या. जुन्या शेजारी लावल्या. बराच वेळ बघितलं. नवरा त्यांच्या खांद्यावरून डोकावत होता, जणू त्याला काही कळणारच होतं. मग डॉक्टर वळले आणि म्हणाले, नवीन काहीही नाही. एकही ठिपका वाढलेला नाही.

मी म्हटलं, "पण दिवाळीला डोळा गेला होता. तासभर."

"आधी काय केलं होतं?"

मी सांगितलं. ते हसले, आणि मला त्या हसण्याचाही राग आला, पण तो पुढचं ऐकेपर्यंतच टिकला. त्यांनी सांगितलं ते असं. एप्रिलमध्ये ज्या नसेचं आवरण खरवडलं गेलं, ती नस आता काम करते आहे, पण जेमतेम. अंग तापलं की तिच्यातून संदेश नीट जात नाही. कढत पाणी, ताप, भर उन्हातली पायपीट, पेटत्या शेगडीपुढचा स्वयंपाक, काहीही. अंग निवलं की संदेश पुन्हा जायला लागतो. यात नस नव्यानं बिघडत नाही. नवा घाला ओळखायचा तो असा की नजर जाते आणि पूर्ण दिवस उलटला तरी गेलेलीच राहते; तसं झालं तर लगेच या. तासाभरात परत आली, तर पाणी प्या, सावलीत बसा, वाट बघा.

"ये सब पर्चे पर लिखा था," ते म्हणाले. "मैंने पढ़कर सुनाया भी था. आप तो टीचर हैं?"

मी फाइल उघडली. एप्रिलचं ते पान तिथेच होतं, घडीसुद्धा न मोडलेलं. चौथ्या ओळीवर गरमीचं, पाचव्या ओळीवर पूर्ण दिवसाचं. मी सहा-सात महिने ज्या भीतीत काढले ती भीती त्या दोन ओळींत संपत होती. मला शरम वाटली, पण खरं सांगते, शरमेपेक्षा फार मोठं काहीतरी छातीवरून उतरलं. किती दिवस मी पूर्ण श्वास घेतला नव्हता ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. नोकरी राहणार होती. डोळा राहणार होता, चौदा आणे का होईना.

आम्ही उठलो. नवरा गोळ्यांचं काही विचारत होता. तेवढ्यात मागे भिंतीजवळ बसलेल्या सासूबाई उभ्या राहिल्या आणि दोन पावलं पुढे आल्या.

"डॉक्टर साहब, पानी मैंने डाला था," त्या म्हणाल्या. "आठ लोटे. इसने मना नहीं किया, मैंने ही ज़िद की. मेरे हाथ से इसकी आँख ख़राब तो नहीं हुई?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. दिवाळीपासूनचे ते सगळे दिवस, तो गार पाण्याचा आवाज, तो कोरडा बंब, तो खोकला, सगळं मला एकदम समजलं.

डॉक्टर म्हणाले, "नहीं अम्मा जी. कुछ नहीं बिगड़ा. उतनी देर धुँधला दिखा, बस."

"पक्का?"

"बिलकुल पक्का. बस इनको अब गुनगुने पानी से नहलाइए."

त्यांनी मान हलवली. पदराचं टोक चेहऱ्यावरून फिरवलं आणि बाहेर येऊन बाकावर बसल्या. मुलाला म्हणाल्या, "मला चहा पाहिजे. आणि काहीतरी खायला." दिवाळीपासून त्यांनी स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नाही.

परतीच्या गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले. माफीचं माझं कसं आहे ते सांगितलंच आहे. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी मी घाबरून बोलले. तसं काही नव्हतं."

"तू शिकलेली आहेस, शास्त्र शिकवतेस," त्या म्हणाल्या. "तू म्हणालीस म्हणजे तसंच असणार, असं मला वाटलं."

मला वाटलं होतं त्या रागावतील, टोमणा मारतील. त्याची तयारी होती. याची नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि त्यांनी माझा हात सोडला नाही.

समोर नवऱ्यानं भाजलेल्या शेंगा घेतल्या होत्या आणि टरफलं कुठे टाकावीत म्हणून इकडेतिकडे बघत होता. मी पर्समधून राजीनाम्याचा कागद काढून त्याला दिला. त्यानं उलगडून वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घडी घातली, द्रोणासारखा दुमडला आणि टरफलं त्यात टाकायला लागला. या वेळी त्यानं बघू की म्हटलं नाही.

अजूनही कडक उन्हात टहरौलीच्या स्टँडवरून चालत गेले की उजवीकडे राखाडी होतं. मुलींना मी सांगून ठेवलं आहे. पाण्याची बाटली घेऊन मी व्हरांड्यात बसते, त्या आकृती काढत राहतात, आणि थोड्या वेळानं मी आत जाऊन त्यांच्या चुका काढते. त्यांना माझी नजर जरा उशिरा परत आली तरी चालण्यासारखं आहे.

त्या दिवशी झाशीला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरात पाऊल टाकल्याबरोबर सासूबाईंनी पिशवी ठेवली, मागे जाऊन लाकडं आणली आणि बंब पेटवला. मुलगी म्हणाली, "दादी, शाम को?" त्यांनी आणखी एक लाकूड आत सारलं. धूर झाला, मग तो निवळला, मग पाणी खदखदल्याचा आवाज आला. टॉवेल खांद्यावर टाकून त्या न्हाणीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. आतून तांब्यामागून तांब्या ओतल्याचा आवाज येत होता. जेवायची वेळ होऊन गेली, नवरा दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेला, मुलीला भूक लागली. पण त्यांना लवकर आटपा असं कुणीच म्हटलं नाही.